ओट्याची उंची कुणी ठरवली?

अपंगत्व शरीरात किती असतं आणि आपल्या घरांच्या, वस्तूंच्या, यंत्रांच्या रचनेत किती? आत्याच्या स्वयंपाकघरात पडलेला हा प्रश्न आता मोबाइलच्या पडद्यापर्यंत येऊन पोहोचलाय.

माझ्या आत्याला तीन वर्षांची असताना पोलिओ झाला. साल १९५१. पोलिओची लस तेव्हा जगात कुठेच नव्हती. ताप उतरला, पण दोन्ही पायांतली ताकद गेली ती गेलीच. तेव्हापासून आत्या तळहातांवर भार देऊन, जमिनीवरून सरकत घरभर फिरते.

सोलापुरात उत्तर कसब्यात आमचा जुना वाडा होता. स्वयंपाकघर ऐसपैस, शहाबादी फरशीचं. चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, उखळ तर जमिनीतच पुरलेलं. पाण्याचा हंडा खाली, मोरी खाली, मोरीतला नळही हातभर उंचीवर. एकदा आत्या पाटावर बसली की सगळं तिच्या हाताशी. वीस माणसांच्या भाकऱ्या ती बसल्या बैठकीला थापायची. उखळात कुटलेली तिची शेंगाचटणी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे डबे भरभरून जायची. घरात आलेल्या नव्या सुनांना स्वयंपाक शिकवायची तीच आणि त्यांच्या चुका काढायचीही तीच! आत्या रस्त्यावर अपंग होती, देवळाच्या पायऱ्यांशी अपंग होती. पण स्वयंपाकघरात? तिथे तिचं राज्य होतं. आम्हा मुलांना कधी वाटलंच नाही, की आत्याला काही येत नाही.

१९९४ साली वाडा पाडून नवं घर बांधलं. सगळ्यांनाच हौस होती. नव्या घरात गॅस, कडाप्प्याचा उभा ओटा, स्टीलचं सिंक, भिंतीवर कपाटं. आईची कंबर सुटली, काकू खूश झाल्या. वास्तुशांतीला आलेल्या बायका ओट्यावरून हात फिरवून जात होत्या. आणि आत्या? ओट्याचा वरचा कडाप्पा तिच्या डोक्याच्याही वर होता. नळ लांब, शेगडी लांब, मिठाचा डबा लांब. अण्णा, म्हणजे माझे वडील, अगदी मायेनं म्हणाले, "आता तू आराम कर. लई केलंस आजवर."

त्या दिवसापासून आत्याच्या पुढ्यात लसणाची परडी आली. सोलत बस! पाणी हवं असेल तरी हाक मारायची. ताट वाढून येणार, तेव्हा जेवायचं. सहा महिन्यांत आत्या गप्प झाली. पाहुणे विचारायला लागले, "यांचं कोण करतं?" बघा हं, पाय तेच होते. १९५१ पासून त्यात काडीचाही फरक पडला नव्हता. बदलली होती ती फक्त ओट्याची उंची.

बरीच वर्षं मी याला 'आत्याचं नशीब' म्हणत होते. पुढे वाचनात आलं, की ज्याला मी नशीब म्हणते त्यावर जगात मोठा विचार झाला आहे. आणि तो डॉक्टरांनी नाही, अपंग माणसांनीच केला आहे.

ब्रिटनमध्ये १९७२ साली पॉल हंट नावाच्या गृहस्थांनी एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. अपंगांसाठीच्या वसतिगृहात त्यांनी बरीच वर्षं काढली होती. आम्हाला समाजापासून वेगळं का ठेवता, असा त्यांचा सवाल होता. त्यातून अपंगांची एक संघटना उभी राहिली. या संघटनेनं १९७६ मध्ये आपली भूमिका पुस्तिकेत छापली. तिचा मथितार्थ सोपा आहे. शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही दुसरी गोष्ट. पाय चालत नाहीत ही उणीव. पण पायऱ्याच पायऱ्या बांधून त्या माणसाला दाराबाहेर ठेवणं हे अपंगत्व, आणि ते समाज त्याच्यावर लादतो. पुढे १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर या प्राध्यापकांनी या विचाराला 'सामाजिक प्रारूप' असं नाव दिलं. तेही चाकाच्या खुर्चीवरच होते.

याच संघटनेतले व्हिक फिंकेलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एक गंमतशीर गोष्ट रचली. अशी कल्पना करा, की एका गावात सगळेच चाकाच्या खुर्चीवर बसणारे. मग घरं बांधताना छत आणि दारं उंच कशाला ठेवायची? ती ठेंगणी केली. आता त्या गावात तुमच्या-आमच्यासारखी चालती माणसं राहायला आली, तर काय होईल? प्रत्येक दारात कपाळमोक्ष! मग गावातले डॉक्टर म्हणणार, बिचारे हे उंच लोक, यांना टेंगूळ येण्याचा आजार आहे. त्यांच्यासाठी खास शिरस्त्राणं तयार होणार, त्यांच्या मदतीसाठी संस्था निघणार. दार उंच करावं, हे मात्र कुणाला सुचणार नाही.

गोष्ट वाचली आणि मला आमच्या नव्या घराचा ओटा आठवला. ओटा उंच आहे असं कुणी म्हणालंच नाही. आत्याच ठेंगणी ठरली.

पण मैत्रिणींनो, या विचारालाही प्रश्न विचारणाऱ्या बायका निघाल्या, आणि त्याही स्वतः अपंग होत्या. ब्रिटनमधल्या लिझ क्रो यांनी १९९६ मध्ये लिहिलं, की सगळा दोष समाजाच्या माथी मारताना शरीराचं दुखणं विसरू नका. वेदना, थकवा हेही खरं असतं. आपल्याकडे दिल्लीच्या प्राध्यापिका अनिता घई यांनी हा विषय लावून धरला. त्यांना स्वतःला लहानपणीच पोलिओ झाला होता. २००३ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचा विषयच मुळी अपंग स्त्रियांचे प्रश्न हा आहे. आत्याचंच बघा ना. सत्तर वर्षं हातांवर भार घेऊन तिचे खांदे पार निकामी होत आलेत. रात्री ती कण्हते. हे दुखणं काही ओटा खाली केल्यानं जाणार नाही. त्याला औषध पाहिजे, शेक पाहिजे. पण खांदे दुखतात म्हणून तिच्या हातातला स्वयंपाक काढून घ्यायचा का? दुखणं तिचं आहे, तर कधी थांबायचं हेही तिलाच ठरवू द्यायला हवं.

आणि ते तिनं ठरवलं. घर बांधल्याला दोन वर्षं झाली असतील. अण्णा गावाला गेले होते. आत्यानं शेजारच्या मुलाला पाठवून गवंड्याला बोलावून घेतलं. मागच्या पडवीत जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीचा बैठा ओटा, शेजारी छोटी मोरी आणि खाली नळ. मापं तिनं स्वतः बसून, हात लांबवून दिली. गवंडी म्हणाला, "आत्या, घर एवढं झकास झालंय, त्यात हे दिसायला बरं दिसत नाही." आत्या म्हणाली, "मला दिसायला नको, बसायला पायजे." अण्णा परत आले तेव्हा ओटा वाळत होता. ते म्हणाले, "मला सांगायचं तरी होतंस." आत्या म्हणाली, "तुम्ही घर बांधताना मला कुठं इचारलं की!"

अडचण एकच राहिली. गॅसची शेगडी तिथे ठेवता येईना. सिलिंडर उभा ठेवायचा आणि शेगडी त्याच्या पातळीपेक्षा वर हवी, असा नियम. तो उगाच नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली जमिनीलगत साचतो. म्हणजे उभा ओटा काही कुणाच्या दुष्टपणातून आलेला नाही. गॅस आला आणि त्याच्या सोयीनं स्वयंपाकघर उभं राहिलं. पण त्या सोयीत कोण बसत नाही, हा विचार राहून गेला. आत्या पुढची पंधरा-सोळा वर्षं वातीच्या स्टोव्हवर रांधत राहिली.

एखादी वस्तू घडवताना तिची मापं कुणाकडून घ्यायची, हा सगळ्या तंत्रज्ञानाचाच प्रश्न आहे. अंधांच्या वाचनाचं उदाहरण घ्या. पॅरिसच्या अंधशाळेत पूर्वी मुलांना उठावाची अक्षरं वाचायला देत. नेहमीचीच रोमन अक्षरं, फक्त कागदावर फुगवलेली. डोळस शिक्षकांना ती छान वाटत, कारण त्यांना ती दिसत! बोटाला मात्र त्यांची वळणं चाचपत बसावं लागे. त्याच शाळेतल्या लुई ब्रेल या अंध मुलानं १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी तयार केली. बोटाच्या एका स्पर्शात एक अक्षर! तरी ती शाळेनं अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, ब्रेल वारल्यानंतर दोन वर्षांनी. आज त्याच टिंबांत मराठीही लिहिली जाते. स्वागत थोरात यांनी २००८ पासून 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, ते याच लिपीत.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं, 'जयपूर फूट'. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्यासाठी केलेला. आपल्याकडे माणूस मांडी घालतो, उकिडवा बसतो, चिखलात उतरतो, देवळात अनवाणी जातो. त्या पायानं यातलं काहीच जमेना, म्हणून लोक तो कोपऱ्यात उभा करून कुबड्याच घेत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून रबराचा, घोट्यात वळणारा पाय तयार केला. शर्मांचं शालेय शिक्षण अगदी थोडं, पण हातात कसब होतं आणि नजर जमिनीवर बसणाऱ्या माणसाकडे होती. त्या पायानं शेतात जाता येतं, पंगतीत बसता येतं. पंढरीच्या वाटेवर अनवाणी चालणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट तर स्वयंपाकघरातलीच आहे आणि मला ती फार लागली. अमेरिकेत बेट्सी फार्बर यांना संधिवात होता. सफरचंदाची सालं काढताना पातळ धातूची सोलणी हातात धरवत नव्हती. त्यातून जाड, मऊ रबरी मुठीची सोलणी निघाली. १९९० मध्ये त्यांचे पती सॅम फार्बर यांनी अशा मुठींची उपकरणं बाजारात आणली, आणि ती धडधाकट बायकांनीही उचलून धरली. ओल्या हातातून सटकत नाहीत ना! पण सगळीकडे गोष्ट छापून आली ती अशी, की आजारी बायकोसाठी प्रेमळ नवऱ्यानं शोध लावला. बेट्सीबाईंनी पुढे सांगितलं, की मुळात ही कल्पना माझी होती, पण इतिहासात माझी नोंद होणार ती संधिवाताची बाई म्हणून. आहे की नाही आपल्या ओळखीची गोष्ट? युक्ती बाईची आणि कौतुक तिच्या दुखण्याचं!

महाराष्ट्रात नसीमा हुरजूक यांचं उदाहरण आहे. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. निराशेच्या त्या दिवसांत बाबूकाका दिवाण भेटले. तेही कमरेखाली अधू, पण हातानं चालवायची सोय करून घेतलेली मोटार स्वतः चालवत येणारे! त्या भेटीनं नसीमाताईंना दिशा मिळाली. मोटार तीच, पण पायाचं काम हाताकडे दिलं, एवढाच फरक. पुढे त्यांनी नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन तुमच्यापैकी अनेकींनी वाचलंच असेल.

आता पुन्हा आमच्या पडवीत येऊ. २०१३ च्या सुमारास भावानं आत्याला विजेची इंडक्शन शेगडी आणून दिली. ज्वाळा नाही, सिलिंडर नाही, बैठ्या ओट्यावर मजेत ठेवता येते. आत्या हरखली. पण पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि नवाच घोटाळा झाला. शेगडीची बटणं सगळी गुळगुळीत प्लास्टिकखाली लपलेली, बोटाला काही लागतच नाही. जुन्या स्टोव्हची किल्ली अंधारातही सापडायची. आता दूध उतू गेलं तरी बंद कुठून करायचं कळेना. शेवटी आत्यानंच तोड काढली. वहिनीच्या पाकिटातली फुगीर खड्याची टिकली 'बंद'च्या बटणावर आणि साधी टिकली 'चालू'वर. दोन रुपयांत काम झालं! हजारो रुपयांच्या यंत्रात जी गोष्ट कुणाला सुचली नाही, ती सत्तरीच्या बाईनं टिकलीत बसवली.

मात्र प्रत्येक यंत्राला टिकली लावता येत नाही. आत्याचं बँकेत खातं आहे. एकदा ओळख पटवण्यासाठी अंगठा मागितला. आत्यानं दिला, यंत्र घेईना. दहाही बोटं लावून झाली. लागणार कुठून? आयुष्यभर जमिनीवर टेकून त्या बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्यात. आपल्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या किती जणींना हा अनुभव येत असेल! काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, तुमचा अंगठाच खराब आहे." आत्या घरी येऊन म्हणाली, "माझा अंगठा खराब, का त्याचं मशीन आंधळं?" खरं तर आधारची ओळख बुबुळावरून, चेहऱ्यावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनंही पटवता येते. पण ते आपल्याला आपणहून कुणी सांगत नाही. विचारावं लागतं.

प्रज्ञा प्रसून यांनी ते थेट सर्वोच्च न्यायालयात विचारलं. त्यांच्यावर अ‍ॅसिडहल्ला झाला होता. बँकेत खातं उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे कळेल, असा नियम आला. ज्यांच्या पापण्याच जळाल्या, त्यांनी काय करावं? ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयानं निकाल दिला, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. उघडझापेला दुसरे पर्याय द्या, अंध व्यक्तींना वापरता येतील अशा व्यवस्था करा, असे एकूण वीस आदेश दिले.

कायदाही आता बाजूनं आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. इमारती, वाहनं, माहिती, संगणकसेवा सगळ्यांनाच सुगम करायला त्यात सांगितलंय. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त अपंग व्यक्तींची नोंद झाली. आपलं सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये 'स्मार्ट सिटी'च्या पहिल्या यादीत आलं. शहर स्मार्ट आहे का, हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. माझी आत्या बँकेत, दवाखान्यात, सिद्धेश्वराच्या यात्रेत कुणाच्या कडेवर न बसता जाऊ शकते का?

आज आत्या सत्त्याहत्तर वर्षांची आहे. खांद्यांमुळे भाकऱ्या आता चार-पाचच होतात. पण गंमत सांगू? पडवीतला तो 'बरा न दिसणारा' ओटा आज घरात सगळ्यात जास्त वापरला जातो. वहिनीचं पोट पुढे आलं होतं तेव्हा ती तिथेच बसून भाजी चिरायची. माझ्या भाच्या तिथे पोळ्या लाटायला शिकल्या. आणि आता माझे गुडघे बोलायला लागलेत. एकदा खाली बसले की उठवत नाही, आणि उभ्यानं कंबर धरते. परवा आत्याशेजारी बसून शेंगा निवडताना म्हटलं, "आत्या, मला मधल्या उंचीचा एक ओटा करून घ्यावा म्हणते. चौरंगावर बसून काम करता येईल असा."

आत्यानं सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "मग बस बघू नीट. हात लांब कर. माप घेऊ."

एवढं तरी करून पाहा

घर बांधताना किंवा दुरुस्त करताना घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्यांना आणि अपंगांनाही, बसवून, उभं करून मापं घ्या.

दाराशी उतार करायचा असेल, तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. यापेक्षा उभा उतार चाकाच्या खुर्चीला धोक्याचा. दाराची रुंदी ९० सेंटिमीटर असावी.

मिक्सर, शेगडी, रिमोट, धुण्याचं यंत्र यांच्या मुख्य बटणांवर फुगीर टिकल्या लावा. डब्यांच्या झाकणांना वेगवेगळे रबर अडकवा, म्हणजे हातानंच साखर कोणती, मीठ कोणतं ते कळतं.

नवं यंत्र घेताना दुकानात डोळे मिटून एकदा चालू-बंद करून बघा. जमलं नाही, तर दुकानदाराला तसं सांगा.

अंगठा उमटत नसेल, तर 'दुसरा पर्याय काय?' असं न लाजता विचारा. तो मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे.